खाली वाजलेलं गाणं

आमच्या गावच्या हॉलमध्ये पुरुष खालच्या मजल्यावर बसतात आणि बायका वरच्या. वर जायचा जिना बाहेरून आहे. वरच्या मजल्याच्या तीन खिडक्या आतल्या बाजूने खालच्या हॉलवर उघडतात. त्यांना जाळी आहे आणि जाळीवर जाड हिरवे पडदे. निकाहची वेळ झाली की आम्ही वरचे पंखे बंद करतो, पडद्यांपाशी गर्दी करतो आणि खालचं ऐकतो. खालच्यांना मात्र वरचं काही ऐकू येत नाही. निदान तसं ठरलेलं आहे.

हॉलमध्ये बाजा वाजवायचा नाही, असा जमातचा नियम आहे. बाजा म्हणजे बँड, बेंजो, डीजे, सगळंच. वाजला तर मौलाना निकाह पढवणार नाहीत, असं दाराशेजारच्या फळ्यावर लिहिलेलं आहे. आणि तरी प्रत्येक लग्नात वरच्या मजल्यावर गाणी लागतात. खिडक्या ओढून घेतल्या जातात, बुरखे खुर्च्यांच्या पाठीवर पडतात आणि बायका नाचतात. ज्यांनी तो फळा लिहून घेतला त्यांच्या घरच्या बायकासुद्धा. माझी मामी म्हणते, "खाली ऐकू गेलं न्हाय, म्हंजे वाजलंच न्हाय."

वरच्या मजल्यावर माझं काम गाणी लावायचं. हे काम मी स्वतःहून धरलं, कारण जिच्या हातात फोन असतो तिला कोणी नाचायला ओढत नाही. मला नाचता येत नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला नेहमी मागच्या ओळीत उभं करायचे, आणि तिथेही माझे हात इतरांच्या नंतर वर जायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची. एसटीने रोज मुरुडला जायचे. तिथल्या मुली माझ्या बोलण्यातलं 'हाय' आणि 'न्हाय' ऐकून हसायच्या, म्हणून मी शाळेत कमी बोलायला शिकले. मग घरी आल्यावर मी 'आहे', 'नाही' म्हटलं की चुलतभाऊ हसायचे. त्यामुळे घरीही कमी बोलणं आलं. आता मुरुडच्याच एका लॉजच्या काउंटरवर बसते. ते काम मला बरं वाटतं. समोरची माणसं बोलतात, आपण किल्ली द्यायची. शनिवारी मुंबई-पुण्याची पाहुणेमंडळी मागच्या अंगणात आमच्याच किनाऱ्यावरची गाणी लावून नाचतात, बायका-पुरुष एकत्र, अनवाणी. मी काचेतून बघते. त्यांना लाज वाटत नाही याचं मला आधी नवल वाटायचं, मग राग यायचा. आता नुसतं बघते.

अम्मीच्या लग्नात हॉल नव्हता. मांडवात बायका पितळी ताट उपडं घालून त्यावर चमच्याने ठेका धरायच्या आणि तोंडाने गायच्या. मग घरटी एकेक माणूस आखातात गेला. माझे अब्बा कुवेतला गेले आणि पहिल्या सुट्टीत टेपरेकॉर्डर घेऊन आले. ताट पुन्हा जेवायच्या कामाला लागलं. मांडवात सिनेमाची गाणी आली. पुढे हॉल झाला, आणि हॉल झाल्यावर मुंबईहून डीजे आले, दिवे आले, धूर सोडायची यंत्रं आली. मी लहान असताना बघितलेल्या एका लग्नात खालच्या हॉलमध्ये, हो, खालच्याच, मुली स्टेजवर नाचल्या होत्या आणि त्यांचे काका-मामा समोर टाळ्या वाजवत होते. कुणाचा डीजे मोठा यावरून घराघरांत चढाओढ लागली. एका लग्नात भांडण इतकं वाढलं की नवरदेवाचा फेटा चुलीत गेला. त्यानंतर फळा लागला. मला नियम वाईट वाटला नाही. मला उलट हायसं वाटलं. आता कोणी म्हणणार नव्हतं, जा गो, तू पण जा स्टेजवर.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरलं. स्थळ बोर्ली पंचतनचं, जुनं व्यापारी घर. मुलगा दुबईला हिशेबनीस. बोलणी करायला मुलाचे चाचा आले होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, चहात साखर नको. त्यांनी मामूंना एकच अट घातली. हुंडा नको, सामान नको, पण लग्नात बाजा नको. "तुमच्याकडं वरच्या मजल्यावर काय चालतं ते आम्हाला ठावं हाय," ते म्हणाले. "आमच्या लग्नात ते पण न्हाय." मामू लगेच हो म्हणाले. आत मामीने कपाळाला हात लावला.

मामेबहिणीला नाचायला फार आवडतं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "नाच ऱ्हाव दे. मना ते गाणं पायजे. पाठवणीचं. आईच्या टायमाला बायका तोंडानं म्हणायच्या ते. तोंडानं म्हटलं तर बाजा कसा व्हईल?"

यात खोट नव्हती. मौलानांनीही कधी तोंडच्या गाण्याला हरकत घेतली नव्हती, बायकांत बायका गात असतील तर. अडचण अशी होती की ते गाणं कोणाला पुरतं येत नव्हतं. मामीला पहिल्या दोन ओळी येत होत्या. अम्मीला चाल येत होती, शब्द येत नव्हते. शेवटी अम्मीची मोठी बहीण, माझी खाला, मुंब्र्याला असते, तिला फोन केला. खालाने फोनवर पहिलं कडवं म्हटलं आणि तिला दम लागला. "बाकीचं सून लिहून पाठवील," ती म्हणाली. सुनेने लिहून पाठवलं, मोबाईलवर सगळे लिहितात तसं, इंग्रजी अक्षरांत.

ते वाचायला सोपं जाईल म्हणून माझ्याकडे आलं. "तू इंग्लिश मिडियमची ना," मामी म्हणाली. "तूच म्हण."

मी नाही म्हणाले. मामेबहीण म्हणाली, "तुझा आवाज चांगला हाय, मी ऐकलाय मोरीतनं." मी पुन्हा नाही म्हणाले. पन्नास-साठ बायकांपुढे उभं राहून तोंड उघडायचं, या कल्पनेनेच माझे कान गरम झाले. मग मी एक मधला मार्ग काढला, आणि तेव्हा मला तो फार हुशारीचा वाटला. मी ते गाणं घरी एकटीने म्हणून फोनवर रेकॉर्ड करीन आणि त्या दिवशी वर स्पीकरवर लावीन. हळू आवाजात. बाजा नाहीच त्यात, नुसता आवाज. बायकांना गाणं मिळेल आणि मला कोणाकडे बघायला लागणार नाही.

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून मी ते रेकॉर्ड केलं. पहिलं कडवं खालाचं ऐकून पाठ झालं होतं. दुसऱ्यात एक शब्द अडला. सुनेने लिहिलं होतं padav. बाबाचा padav भरला गो, बंदराकडनं सुटला गो. असा शब्द मी कधी ऐकला नव्हता. कुणाला विचारायला हवं होतं, पण विचारलं की हसणं येतं, आणि हसणं टाळण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. मी माझ्या शाळेतल्या मराठीच्या पुस्तकाची मदत घेतली. त्यात 'पादत्राणे' असा शब्द होता आणि बाईंनी सांगितलं होतं की पाद म्हणजे पाय. मग हे बाबाचं पाऊल असणार. लेकीच्या पाठवणीला बाबाचं पाऊल जड झालं, असं काहीतरी. मला ते फार हृद्य वाटलं. मी तो शब्द लांबवून, जीव ओतून म्हटला. पाऽदाव.

लग्नाच्या दिवशी जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर बोर्लीची मंडळी आली. दिघीहून फेरीने आगरदांड्याला उतरून, चार गाड्या. त्यांच्या बायका वर आल्या. नवरदेवाची आई अंगाने दांडगी होती आणि जिना चढून आल्यावर बराच वेळ धापा टाकत नुसता हात वर करून सगळ्यांना थांबवत राहिली. मग तिला मामेबहिणीशेजारी सोफ्यावर बसवलं. मामेबहिणीचा चेहरा ओढणीखाली होता. तिने ओढणीतूनच मला खूण केली, आता.

वेळ योग्य होती. खाली सगळे येऊन बसत होते. नवरीची संमती विचारायला निकाहचे वकील, म्हणजे तिच्या बाजूने बोलणारा नातलग, आणि साक्षीदार वर यायला अजून अवकाश होता. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि फोन काढला.

हॉलला दोन स्पीकर आहेत, चाकांचे, कमरेएवढे. एक वर आणि एक खाली, मौलानांच्या माईकसाठी. दोन्ही एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेले, त्यामुळे फोनमध्ये दोघांचं नाव एकच दिसतं. आजवर याने काही बिघडलं नव्हतं. माझा फोन आपोआप वरच्यालाच लागायचा. त्या दिवशी नवरीच्या एका मैत्रिणीने केस सरळ करायच्या यंत्रासाठी वरच्या स्पीकरची पिन काढली होती आणि पुन्हा लावली नव्हती, हे मला माहीत नव्हतं. फोनवर 'जोडले' असं आलं. मी गाणं लावलं.

आवाज आला, पण लांबून, पडद्यामागून आल्यासारखा. बायकांचा गलका चालू होता. मला वाटलं, स्पीकरचा आवाज कमी आहे. मी वाढवला.

"काय गो, लावलंस काय?" मामीने विचारलं.

"लावलंय."

"मग ऐकू का येत न्हाय? वाढव की."

मी आणखी वाढवला. मग पूर्ण वाढवला. आता माझा आवाज मला ओळखू येत होता, तरी तो विचित्र घुमत होता, मोठ्या रिकाम्या जागेत घुमावा तसा. खालाने फोनवर जिथे श्वास घेतला होता तिथेच मी श्वास घेतलेला ऐकू आला. आणि मग माझ्या लक्षात आलं की खालची कुजबुज थांबली आहे. इतकी माणसं खाली असताना खालून काहीच ऐकू येत नाही, फक्त मी ऐकू येते आहे.

एव्हाना वरच्या बायकाही गप्प झाल्या होत्या. त्या सगळ्या पडद्यांकडे बघत होत्या. त्या शांततेत, पूर्ण आवाजात, पुरुषांनी भरलेल्या हॉलमध्ये, जिथे समोरच्या रांगेत शेरवानी घातलेले नवरीचे वडील बसले होते, मी गायले: बाबाचा पाऽदाव भरला गो, बंदराकडनं सुटला गो.

आधी एकच हसला, मागच्या बाजूला, कोणीतरी तरुण. मग हसू हॉलभर पसरलं. मी फोनवर बोट मारत होते आणि बोट घामाने घसरत होतं, म्हणून कडवं पुरं झालं. दुसऱ्यांदा 'सुटला गो' पण आलं. मग थांबलं.

जिन्यावरून मामूंचा आवाज आला. ते पायऱ्यांवरच उभे राहून ओरडत होते. "काय चाललंय गो तुमचं? खाली वाजतंय ते! खाली!"

मामी ओढणी तोंडात घालून उभी होती. मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती, आणि हसताना तिच्या डोळ्यांत भीती होती. मामेबहिणीने ओढणी वर करून माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत नुसतीच भीती होती. मला तिच्या सासूकडे बघवलं नाही. मी फोन हातात धरून खाली मान घातली आणि ते रेकॉर्डिंग डिलीट केलं. फोन विचारतो, नक्की का? नक्की.

खाली माईक चालू होता. हसू ओसरलं तसं बोलणं वर येऊ लागलं. पंखे कुणी बंद केले ते कळलं नाही. नवरदेवाच्या चाचांचा आवाज मी ओळखला.

"ठरलं काय होतं? तुम्हीच सांगा मौलाना. आम्ही काय मागितलं होतं? एकच गोष्ट मागितली."

"बाजा न्हवता," मौलाना म्हणाले. ते हळूच बोलतात. "मी ऐकलं. नुसता आवाज होता."

"बाईचा आवाज. मजलिसमधी."

"व्हय. ते चुकलं."

"मग? पढवणार तुम्ही? बाहेर फळा लावलाय तो कशाला?"

मौलाना म्हणाले, "फळ्यावर बाजा लिहिलंय. पण मुलगा तुमचा हाय. तुमची मर्जी नसंल तर मी कसा पढवू?"

मामेबहिणीने माझा हात धरला. तिची मेंदी लावलेली बोटं गार होती. तिला काय वाटत असेल ते मला कळत होतं. आता गाड्या परत फेरीवर चढतील, आणि उद्यापासून मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत ती म्हणजे जिच्या लग्नात ते गाणं लागलं ती मुलगी. मला वाटलं खाली जावं. पण बाई खाली जात नाही. आणि जाता येत असतं तरी मी गेले असते का, हे मला सांगता येत नाही.

"कोण ती गाणारी?" चाचांनी विचारलं.

माईकजवळ कुणीतरी उठल्याचा, कपडे सळसळल्याचा आवाज आला. मग घसा खाकरल्याचा. माझे अब्बा तीन महिन्यांच्या सुट्टीवर आले होते. चारचौघांत ते बोलत नाहीत. मी त्यांच्यावर गेले आहे असं सगळे म्हणतात. त्यांनी सलाम केला आणि त्यांचा आवाज माईकमध्ये फाटला.

"आवाज माझ्या लेकीचा होता," ते म्हणाले. "फोन चुकून हिकडं लागला. तिनं मुद्दाम न्हाय केलं. ती तशी न्हाय. तरी पण चुकलं. मी माफी मागतो. तुमच्याकडं मागतो, जमातकडं मागतो. या मुलीच्या लग्नाला त्याचा डाग नको."

वर सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. आतापर्यंत निम्म्या जणींना ठाऊक नव्हतं.

खाली चाचा म्हणाले, "आणि ते पादाव काय होतं?"

पुन्हा मागून कोणीतरी खिदळलं. चाचांनी त्याला गप्प केलं.

"पडाव म्हणायचं होतं तिला," अब्बा म्हणाले. "गलबत. माल भरायचं."

"पडाव मना ठावं हाय. आमच्या घराचे तीन पडाव होते. कौलं आणि नारळ घेऊन मुंबईला जायचे. इंग्लिश शाळेत घातलीत न्हाय लेकीला? मग हेच व्हनार. पहिलं तिला पडाव म्हणायला शिकवा."

"हां," अब्बा म्हणाले.

"बापाचा पडाव ठावं न्हाय आणि गाणं म्हणती."

"हां."

ते दोन 'हां' माईकवरून वर आले. मी कितीही कमी बोलले तरी त्यांच्याइतकं कमी बोलणं मला अजून जमलेलं नाही. त्यांनी माझी बाजू घेतली नाही, शाळेची फी कशी भरली ते सांगितलं नाही, काही नाही. चाचांना जे बोलायचं होतं ते त्यांनी उभं राहून ऐकून घेतलं. शेवटी चाचाच कंटाळले असावेत. "बसा आता," ते म्हणाले. "मौलाना, पढवा. जोहर होऊन गेलाय, फेरी चुकंल."

थोड्या वेळाने वकील आणि साक्षीदार वर आले, दाराच्या पडद्यापलीकडे उभे राहिले आणि मामेबहिणीला विचारलं. तिने 'हो' म्हटलं ते मला शेजारी बसूनही नीट ऐकू आलं नाही. त्यांना मात्र ऐकू गेलं. खाली निकाह पढवला गेला, खजूर वाटले गेले. वर सगळ्या एकमेकींना मिठ्या मारत होत्या. मी केसांच्या यंत्राची पिन काढून स्पीकरची लावून ठेवली. का, ते माहीत नाही. काहीतरी जागच्या जागी असावं म्हणून.

"ये हिकडं," नवरदेवाची आई म्हणाली.

मी जाऊन तिच्यापुढे उभी राहिले. जवळून तिच्या अंगाला अत्तराचा आणि फेरीवरच्या डिझेलचा वास येत होता.

"म्हण. पडाव."

"पडाव."

"ड म्हण. द न्हाय."

"पडाव."

"हां. आता पुरं म्हण. तोंडानं. सुनेला माझ्या ऐकायचं हाय ना?"

मामेबहिणीने मान हलवली. सगळ्या वाट बघत होत्या. मी तोंड उघडलं. पहिली ओळ माझ्या घशात होती, ती चाल होती, सगळं होतं. पण माझ्या कानात अजून खालचं हसू होतं, आणि त्याखाली ते 'हां'. माझ्या तोंडून फक्त हवा आली. कुणीतरी मागे पुटपुटलं, "बघ गो, आता पन सुटला न्हाय," आणि बायका अशा हसल्या की सोफा हलला. नवरदेवाची आईसुद्धा हसली. मग तिनेच सूर लावला, फाटक्या, धाप लागलेल्या आवाजात. बोर्लीकडे दुसरं कडवं थोडं वेगळं म्हणतात. आमच्या बायकांनी आपलं जोडलं. कोणी शेवग्याच्या भाजीचं रिकामं पातेलं आणलं आणि त्यावर ठेका धरला. त्या गाताना 'पडाव' आला की सगळ्या माझ्याकडे बघून एकच क्षण थांबायच्या, मग पुढे जायच्या. मामेबहीण बसल्या बसल्या खांदे हलवत होती. तिला तिचं गाणं मिळालं. मी तिच्यासाठी खूश झाले, हे खरं आहे. आणि मी भिंतीशी सरकत गेले, हेही.

आगरदांड्याच्या जेट्टीवर गाड्या फेरीत चढेपर्यंत आम्ही थांबलो. मग सगळे पांगले. अम्मी मामीबरोबर गाडीतून गेली आणि मी अब्बांच्या स्कूटरवर मागे बसले. मला ते बरं वाटलं, कारण त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता आणि मला त्यांचा. मी मनात वाक्यं जुळवत होते. इंग्रजीत जुळत होती. सॉरी हा शब्द आमच्या घरात फार उथळ वाटतो आणि माफी फार मोठी. माफी तर त्यांनीच मागून टाकली होती.

नारळीच्या बागा संपून रस्ता समुद्राकडे वळतो तिथे ते म्हणाले, "फोनात हाय काय ते?"

"काय?"

"गाणं."

"नाही," मी म्हणाले. "डिलीट केलं."

"कवा?"

"तेव्हाच. वरच."

पुढे एसटी आली, तिला जागा द्यायला त्यांनी स्कूटर कडेला घेतली, आणि ती गेल्यावरही लगेच पुढे घेतली नाही.

"मी पहिल्या ओळीलाच वळखलं," ते म्हणाले. "तू गातेस ते ठावं न्हवतं. मी हिकडं नसतो ना. म्हटलं, असंल तर मना पाठव. तिकडं ऐकायला."

"पुन्हा म्हणून पाठवते," मी म्हणाले.

"पाठव. सावकाश पाठव. काय घाई न्हाय."

सुट्टी संपल्यावर ते कुवेतला परत गेले. आठवड्यातून दोनदा फोन येतो. जेवलीस का विचारतात, लॉजवर गर्दी आहे का विचारतात, गाण्याबद्दल विचारत नाहीत. ते विचारणार नाहीत हे मला माहीत आहे, आणि न विचारण्यानेच मला जास्त लाज वाटते. मामेबहीण बोर्लीहून सांगते की तिकडे आता कुठलंही लग्न असलं की बायका तिला पुढे बसवतात आणि विचारतात, पादाव म्हणायचं की पडाव? ती म्हणते, आमच्याकडचं पादाव. तिला ते चालतं. तिला पहिल्यापासून सगळं चालतं.

मी आता तो शब्द नीट म्हणते. लॉजमध्ये दुपारी पाहुणे झोपलेले असतात, काउंटरवर कोणी नसतं. मी फोन समोर ठेवते, लाल बटण दाबते, सेकंद पुढे सरकताना बघते. पहिलं कडवं होतं. दुसऱ्याच्या आधी खाला जिथे श्वास घेते तिथे मीही घेते. मग मी बंद करते. आजही तिथेच बंद केलं.